आधी आपलं उत्तर, मग दुसऱ्याचं: स्वावलंबनाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी स्वावलंबन, आत्मपरीक्षण आणि रोजच्या सवयी या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून, थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत.

प्रश्न: वय ३४. नोकरी करते, घर चालवते, पण कुठलाही निर्णय तीन-चार जणांना विचारल्याशिवाय घेता येत नाही. खुर्ची कोणती घ्यावी इथपासून नोकरी बदलावी का इथपर्यंत. सगळ्यांना विचारून झालं की गोंधळ आणखी वाढतो. शेवटी जो सगळ्यात ठामपणे बोलतो त्याचं ऐकते आणि बिनसलं की त्याच्यावरच चिडते.

विचारणं बंद करू नका, फक्त क्रम उलटा करा. आत्ता तुम्ही आधी विचारता आणि मग स्वतःचं मत शोधायला बसता. तोवर चार जणांची मतं डोक्यात ठाण मांडून बसलेली असतात आणि त्यातलं आपलं कोणतं हेच कळेनासं होतं.

सुरुवात निर्णयांच्या वाटणीपासून करा. त्यासाठी एकच कसोटी पुरते: महिन्याभरात, फारसं नुकसान न सोसता हा निर्णय फिरवता येईल का? येत असेल तर कुणालाही विचारायचं नाही. खुर्ची, पडद्यांचा रंग, कोणता वर्ग लावायचा, रजा कधी टाकायची, हे सगळं या गटातलं. अशा निर्णयाला वेळ बांधून द्या, अगदी छोट्याला १० मिनिटं आणि जरा मोठ्याला एक दिवस. वेळ संपली की त्या क्षणी जिकडे कल असेल ते करून मोकळं व्हायचं. पहिले काही दिवस हात फोनकडे जाईल. तेव्हा ‘विचारायचंच असेल तर उद्या’ एवढंच ठरवा. दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा विचारण्यासारखं काही उरत नाही.

नोकरी सोडणं, मोठं कर्ज, घर बदलणं हे न फिरणारे किंवा फिरवायला जड जाणारे निर्णय. इथे जरूर विचारा, पण वहीत लिहून झाल्यानंतर. एका निर्णयाला एक पान पुरतं. त्यावर तारीख आणि निर्णय एका वाक्यात. मग किमान तीन पर्याय, त्यातला एक ‘आहे तसंच राहू देणं’. मग आपला कल कुठे आहे आणि त्याची दोन कारणं. त्याखाली काय घडेल असं वाटतं आणि त्याची खात्री शंभरात किती. मग कोणती गोष्ट कळली तर मत बदलेन. आणि तळाशी, हे पान पुन्हा कधी उघडायचं ती तारीख.

खात्रीचा आकडा लिहायला लोक टाळाटाळ करतात, पण पानाचा जीव त्यातच आहे. निकाल लागल्यावर आपल्याला ‘मला आधीच वाटलं होतं’ असं प्रामाणिकपणे वाटतं. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी १९७२ मध्ये, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर निघण्याआधी, लोकांकडून काय काय घडेल याच्या शक्यता आकड्यात लिहून घेतल्या. दौरे झाल्यावर ‘तुम्ही तेव्हा कोणता आकडा दिला होता?’ असं विचारलं. ज्या गोष्टी घडल्या असं लोकांना वाटत होतं, त्यांना आपण आधी जास्त शक्यता दिली होती अशीच त्यांची आठवण झुकली. १९७५ मध्ये हे निष्कर्ष छापले गेले. निर्णय चुकला की ‘मला काही कळतच नाही’ असं वाटणं आणि बरोबर ठरला की ‘त्यांनी सांगितलं म्हणून जमलं’ असं वाटणं, दोन्ही याच जातीचं. आठवण निकालाकडे पाहून साक्ष देते. आधी लिहिलेला आकडा तसा फितत नाही.

पान लिहून झालं की दोघांना विचारा. एक, ज्याने ती गोष्ट स्वतः केली आहे असा माणूस. दुसरा, ज्याला तुमच्या निर्णयाचे परिणाम सोसावे लागणार आहेत तो. बाकीच्यांचं मत मनोरंजन म्हणून ऐका. प्रश्न ‘काय करू?’ असा नको, कारण त्याला समोरचा आपापल्या भीतीनुसार आणि हौसेनुसार उत्तर देतो. ‘माझा कल असा आहे, कारणं ही दोन आहेत, यात मला काय दिसत नाहीये?’ असं विचारा. उत्तरात सल्ला कमी आणि माहिती जास्त येते, आणि तुम्हाला हवी असते ती माहितीच.

आता काय बिघडतं ते. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीची नोंद करायला घेतली की वही दोन आठवड्यांत बंद पडते. आठवड्याला एक किंवा दोन पानं पुरेत. खात्री दर वेळी ‘५०’ लिहिणं म्हणजे उत्तर टाळणं. स्वतःला ५० हा आकडा बंद करा, ४० तरी लिहा नाही तर ६०. तिसरी गोष्ट थोडी चमत्कारिक आहे: आवडीनिवडीच्या बाबतीत कारणं लिहूच नका. टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये छापलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना भिंतीवर लावायची चित्रं का आवडली वा नावडली ते आधी लिहायला लावलं, काहींना नाही. मग सगळ्यांना एकेक चित्र निवडून घरी नेऊ दिलं. काही आठवड्यांनी विचारलं तेव्हा कारणं लिहिणारे आपल्या निवडीवर कमी खूश होते. शब्दांत मांडायला सोपी कारणं पुढे येतात आणि खरी आवड मागे राहते. पडदे डोळ्यांना आवडले की घ्या.

छोटे निर्णय ३० दिवसांनी तपासा, मोठे ६ महिन्यांनी. तपासताना निकालाला गुण देऊ नका. ‘तेव्हा जे माहीत होतं त्यावरून हा निर्णय ठीक होता का?’ एवढंच विचारा. चांगल्या निर्णयाचा वाईट निकाल लागू शकतो आणि उलटही होतं. वीसेक पानं झाली की दोन गोष्टी पाहा. तुमचा पहिला कल आणि शेवटी केलेली गोष्ट जिथे वेगळी झाली, तिथे कोण बरोबर होतं? आणि ‘८०’ लिहिलेल्या नोंदींपैकी खऱ्या किती ठरल्या? दहांतल्या आठच्या आसपास असतील तर तुमचा अंदाज विश्वासाचा. पाचच असतील तर तुमची खात्री फाजील आहे. सगळ्याच्या सगळ्या खऱ्या ठरत असतील, तर तुम्ही स्वतःला उगाच कमी लेखता आहात.

प्रश्न: रोज रात्री अंथरुणात पडून तासभर रोजनिशी लिहितो. आत्मपरीक्षण केलं पाहिजे असं सगळे सांगतात, पण लिहून झाल्यावर मन हलकं होण्याऐवजी जड होतं आणि झोप उडते.

तुम्ही करता आहात ते परीक्षण कमी आणि रवंथ जास्त. मानसशास्त्रात हे दोन प्रकार वेगळे मोजले जातात. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये त्यासाठी दोन स्वतंत्र मोजपट्ट्या केल्या. एकाच्या मुळाशी कुतूहल असतं, दुसऱ्याच्या मुळाशी भीती, नुकसान, अन्याय यांची टोचणी. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात: माणूस वही घेऊन बसलेला. ओळखायची खूण अशी की रवंथात तेच वाक्य शब्द बदलून तिसऱ्यांदा येतं आणि पानाच्या शेवटी करण्यासारखं काहीच हाती लागत नाही.

तीन बदल करा. लिहिण्याची वेळ झोपेच्या किमान दोन तास आधी आणा आणि टेबलाशी बसून लिहा. तासाऐवजी १० मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की वाक्य अर्धं राहिलं तरी थांबायचं.

तिसरा बदल प्रश्नाचा, आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. ‘मी बैठकीत गप्प का बसलो?’ या प्रश्नाला मन हमखास स्वभावाचं उत्तर देतं: मी भित्राच आहे. त्यापुढे रस्ता नाही. त्याऐवजी विचारा: नेमका कोणत्या क्षणी गप्प बसलो? तेव्हा काय म्हणायचं होतं? पुढच्या वेळी पहिलं वाक्य कोणतं बोलेन? ते वाक्य अक्षरशः लिहून ठेवा. ‘जास्त आत्मविश्वासाने बोलेन’ हे चालणार नाही, कारण ते करताना दिसत नाही. ‘आकडेवारीचा विषय निघाला की म्हणेन, यात मला एक अडचण दिसते’, हे चालेल.

प्रसंग फारच लागलेला असेल तर ‘मी’ सोडून स्वतःचं नाव घेऊन लिहा, जणू ओळखीच्या माणसाबद्दल लिहिताय. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगांत लोकांसमोर बोलण्यासारख्या ताणाच्या प्रसंगी स्वतःशी असं नावाने बोलणाऱ्यांना ‘मी’ म्हणणाऱ्यांपेक्षा कमी त्रास झाला आणि नंतरचा रवंथही कमी राहिला. सुरुवातीला हसू येतं, हरकत नाही.

झोपताना काही लिहायचंच असेल तर उद्याची कामं लिहा. मायकेल स्कलिन यांच्या २०१८ च्या अभ्यासात ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपण्याआधी ५ मिनिटं पुढच्या काही दिवसांची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं. पहिल्या गटाला सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत, पण खर्च ५ मिनिटांचाच आहे.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जगणं नकोसं झाल्याचे विचार वहीत येत असतील, तर ते वहीने सोडवायचं काम नाही. डॉक्टरांकडे जा. नकोसं झाल्याचे विचार असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच कुणाला तरी सांगा.

प्रश्न: २१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात. पहाटे उठणं, व्यायाम, वाचन, खर्चाची नोंद, ध्यान असं सगळं एकदम सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस चुकला आणि सगळंच कोलमडलं. माझ्यातच खोट आहे का?

खोट २१ या आकड्यात आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना साधारणपणे किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळून पडलं, चेहराही गळून पडला, आकडा तेवढा उरला.

प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. ९६ जणांनी प्रत्येकी एकच साधी गोष्ट १२ आठवडे, रोज एकाच ठरलेल्या प्रसंगाला जोडून केली. ती आपोआप घडू लागायला लागलेला मधला काळ निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. व्यायामासारख्या सवयीला पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. तुमच्या कामाचा निष्कर्ष वेगळाच आहे: मधला एखादा दिवस चुकला तर सवय बनण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. तुमचा चुकलेला दिवस निरुपद्रवी होता. ‘आता साखळी तुटली’ या कल्पनेने घात केला.

पुन्हा सुरू करा, पण एकच सवय घ्या. अठराव्या शतकातला अमेरिकन मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन याने स्वतःसाठी १३ गुणांची यादी केली होती. तोही आठवड्याला एकाच गुणावर मुख्य लक्ष ठेवायचा, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. तुमच्या पाचांपैकी खर्चाची नोंद घ्या असं आम्ही सुचवू, कारण ती दोन मिनिटांत होते आणि तिने दुसऱ्यावरचं अवलंबून राहणं खरोखर कमी होतं. पहाटे उठणं शेवटी ठेवा, कारण ते आदल्या रात्रीच्या झोपेवर आणि घरातल्या इतरांवर टांगलेलं असतं.

सवय घड्याळाला न जोडता एखाद्या घटनेला जोडा: ‘बाहेरून येऊन किल्ली जागेवर ठेवली की त्याच जागी उभं राहून आजचा खर्च लिहीन.’ ‘अमुक झालं की तमुक करीन’ या साच्यावर पीटर गॉलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. नुसत्या निश्चयापेक्षा हा साचा बराच जास्त उपयोगी ठरला. आधार घेतलेली घटना रोज आणि एकदाच घडणारी असावी. ‘फोन आला की’ हा वाईट आधार, कारण फोन वीसदा येतो. ‘वेळ मिळाला की’ हा तर आधारच नाही.

सवयीचं एक किमान माप ठरवून ठेवा, जे ताप आलेल्या दिवशीही जमेल: एकच आकडा लिहिणं, एकच परिच्छेद वाचणं. चांगल्या दिवशी जास्त केलंत तरी किमान माप वाढवायचं नाही. लोक दुसऱ्या आठवड्यात उत्साहाने ते वाढवतात आणि चौथ्या आठवड्यात तेच माप अंगावर येतं. प्रवास, पाहुणे, घर बदलणं यांनी आधाराची घटनाच नाहीशी होते, म्हणून तेवढ्या दिवसांसाठी दुसरा आधार आधीच लिहून ठेवा. दुसरी सवय कधी घ्यायची? पहिली करायची आठवण स्वतःला द्यावी लागत नाही असे सलग दोन आठवडे गेले की.

प्रश्न: वय ६३, निवृत्त. फोनवरून पैसे भरणं, तिकीट काढणं, डॉक्टरांची वेळ घेणं, सगळं मुलगी करून देते. ती कधी चिडत नाही, पण मलाच ओशाळल्यासारखं होतं. ती दाखवते तेव्हा सगळं समजतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

‘बाबा, द्या इकडे, मी करते’ म्हणत फोन तिच्या हातात जातो, तिथेच शिकणं थांबतं. पाहताना समजणं आणि स्वतःला करता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. तेव्हा तिच्याशी एक करार करा: फोन तुमच्याच हातात राहील, ती फक्त बोलेल, बोट लावणार नाही. तिला हे तुमच्यापेक्षा अवघड जाईल.

एका वेळी एकच काम शिका. काम करत असतानाच वहीत पायऱ्या लिहा, पडद्याच्या प्रत्येक बदलाला एक ओळ, तुमच्या शब्दांत. बटणावरचा शब्द मात्र जसा दिसतो तसाच उतरवा. ‘वरून तिसरं’ असं लिहू नका. ॲप बदललं की तिसरं ते पाचवं होतं आणि सगळं पान वाया जातं. जिथून मागे फिरता येत नाही ती पायरी लाल पेनाने अधोरेखित करा. सहसा ती शेवटची, पैसे जाण्याची असते. त्याआधी कितीही चुकलात तरी मागे येता येतं, हे एकदा स्वतः करून पाहा: लाल ओळीपर्यंत जा आणि मुद्दाम परत फिरा. निम्मी भीती तिथेच जाते.

मग तेच काम दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी करा. दर वेळी आधी वही मिटून पुढची पायरी आठवा, अडलं तरच उघडा. आठवायला पडलेले कष्टच लक्षात ठेवायला मदत करतात. अडलात तर मुलीला हाक मारण्याआधी १५ मिनिटं स्वतः खटपट करा आणि कुठे अडलं ते लिहा. सराव छोट्या रकमेने, आणि शेवटच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी. घाईत कुणालाच शिकता येत नाही.

पिन आणि एकदाच वापरायचा सांकेतिक आकडा (ओटीपी) या वहीत लिहू नका आणि फोनवरच्या कुणालाही सांगू नका. पलीकडचा माणूस घाई करू लागला की फोन ठेवायचा. इथे मात्र स्वावलंबन बाजूला ठेवून लगेच मुलीला विचारा.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः करून जमलेला अनुभव, दुसऱ्याला करताना पाहणं, दुसऱ्याचं सांगणं आणि आपल्याच शरीराची अवस्था, म्हणजे धडधड वगैरे. यांत पहिल्याचं वजन सगळ्यात जास्त. मुलीने ‘तुम्हाला येईल’ म्हणणं तिसऱ्या प्रकारात येतं.

प्रश्न: कामं वेळेत संपतील असा अंदाज असतो, पण दर वेळी शेवटच्या दोन दिवसांत सहकाऱ्याला हातापाया पडून मदतीला घ्यावं लागतं.

ही सवय सार्वत्रिक आहे. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, कधी संपेल? सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. सगळंच वाईट घडलं तर किती लागतील, याचाही अंदाज ५० च्या आतच होता.

‘यापुढे नीट अंदाज करीन’ याने काही होत नाही. पुढच्या दहा कामांचा अंदाज आणि लागलेला वेळ शेजारी-शेजारी लिहा. दोन्ही रकान्यांची बेरीज करून दुसरीला पहिलीने भागा. उत्तर १.६ आलं तर यापुढच्या प्रत्येक अंदाजाला १.६ ने गुणायचं, मन कितीही ‘या वेळी वेगळं आहे’ म्हणालं तरी. घरकाम आणि कार्यालयाचं काम यांचे गुणक वेगळे निघतात, एकत्र करू नका.

प्रश्न: मी कधीच कुणाची मदत घेत नाही. म्हणजे मी स्वावलंबीच ना?

तसं म्हणता येणार नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत स्वतःच्या मर्जीने वागणं आणि कुणावर विसंबून नसणं हे दोन वेगळे गुण आहेत. विचारपूर्वक, आपण होऊन मदत घेणारा माणूस स्वतंत्रच असतो. उलट ‘मदत मागितली तर लोक काय म्हणतील’ म्हणून एकट्याने ओझं वाहणारा लोकांच्याच मर्जीने चाललेला असतो. एक तपासणी करा: गेल्या महिन्यात ज्या कामांत अडलात त्यांतल्या प्रत्येकापुढे मदत का मागितली नाही ते लिहा. ‘स्वतः शिकायचं होतं’ हे कारण ठीक. ‘लाज वाटली’ असेल तर पुढच्या वेळी तिथे मागा.

प्रश्न: या सगळ्यासाठी वही बरी की फोनमधलं ॲप?

खर्चाची नोंद ॲपमध्ये करा, बेरजा आपोआप होतात. निर्णयाची पानं आणि संध्याकाळची १० मिनिटं कागदावर, कारण फोन हातात घेतला की मधेच दुसरं काही उघडलं जातं. वही स्वस्तातली, साधी घ्या. महागड्या वहीत लोक खाडाखोड करायला कचरतात. आणि प्रत्येक पानावर वर्षासकट तारीख टाका, नाही तर ६ महिन्यांनी ते पान तपासायला उपयोगी पडत नाही.